गुरुवारचे दोन तास

– नाही, ही चौथी गोष्ट. चष्मा. चष्मा मागितला तर शोधत बसायचं नाही, तो डोळ्यांवरच असतो. ‘बघते हं’ म्हणायचं आणि आत जाऊन यायचं, तेवढ्यात विसरतात. उभ्या का तुम्ही, बसा ना. मी काय, ही निघालेच – पिशवी घेतलीय, चपला घातल्यात, चपला घालून घरात बोलतेय बघा, एरवी ह्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. तुमच्या स्मृतिभ्रंश मंडळात फॉर्म भरला तेव्हा मी स्पष्ट विचारलं होतं, दोन तास म्हणजे नक्की दोन तास ना? तर तिथली मुलगी म्हणाली, आजी, दर गुरुवारी तीन ते पाच आमचं माणूस तुमच्या ह्यांच्यापाशी बसेल, तुम्ही कुठंही जा, फिरा, बागेत जाऊन झोपा. बागेत काय झोपायचं या वयात? तर पाचवी गोष्ट –

वजनकाटा. आतल्या खोलीत साखर मोजतायत ना, ते मीच मांडून दिलंय. हे वजनमाप खात्यात निरीक्षक होते, सगळा बाजार चळचळा कापायचा. अजून रोज तपासणीला निघतात. खालचा किराणावाला – त्याला ह्यांनी हलक्या मापावरून एकदा कोर्टात उभं केलं होतं, हो – तोच आता उठून म्हणतो, या साहेब, आणि काटा पुढे करतो. हे वजन हातात घेऊन, उलटंपालटं करून बघतात, त्याच्या वहीत सही करतात, गिऱ्हाईकं खोळंबतात, पण कोणी हूं की चूं करत नाही. मग औषधांच्या दुकानातला घरी आणून सोडतो. सगळ्या गल्लीनं वाटून घेतलंय ह्यांना. तर इथं तुम्ही दुकानदार व्हायचं, थोडं घाबरायचं. फार नाही, संशय येतो.

मला काय म्हणतात? बाई. म्हणजे कामाला ठेवलेली. पहिल्यांदा रडले, खोटं कशाला सांगू. मग एकदा मी भांडी घासतेय तर म्हणतात, बाई, आमची ही आली ना की बघा तुम्ही, सगळं घर तिनं ओढलं, मी नुसता बाजारात रुबाब केला. मी नळ बंद केला. एकेचाळीस वर्षांत तोंडावर कधी बोलले नाहीत हो हे. आता मीच रोज विचारते, कशी आहे तुमची बायको? लाज वाटते, पण विचारते. परवा म्हणाले, जरा तापट आहे. त्या दिवशी चहात साखर घातली नाही मी.

घड्याळ काय बघताय? साडेचार? म्हणजे दीड तास मी नुसती – अहो, मग थांबवायचं ना मला. आता अर्ध्या तासात कुठं जाणार? राहू दे, पुढच्या गुरुवारी बघू.

भीती? भीती कसली. बरं, आहे. आठ महिन्यांपूर्वी दाढ काढायला गेले होते, शेजारीण बसली होती ह्यांच्यापाशी. परत आले तर दार ह्यांनीच उघडलं. माझा गाल हा एवढा सुजलेला, तोंडात बोळा, बोलता येईना. हे इतक्या अदबीनं म्हणाले, ही घरी नाही हो, नंतर या. आणि दार लावून घेतलं. शेजारीण स्वयंपाकघरात, तिला पत्ताच नाही. मी जिन्यात बसले. हसूच आलं आधी. मग नाही आलं. तेव्हापासून एकटी बाहेर पडले नाही. घरात बाई म्हणा, चालतं मला. दारातून परत पाठवलेलं नाही सोसत.

थांबा, हाक मारतायत. ऐकलंत? ‘बाई, ही आली का?’ पाचला मी ऑफिसातून यायची ना, म्हणून रोज या सुमाराला विचारतात. मी सांगते, येईल हं. येणार कुठून, मी घरातच.

असं बघू नका माझ्याकडे. कळलं मला.

ऐका, मी कोपऱ्यापर्यंत जाते. पाचला बेल वाजवीन. दार त्यांनाच उघडू द्या. आणि म्हणालेच, ही घरी नाही, तर तुम्ही मध्ये पडायचं नाही, एक अक्षर बोलायचं नाही. मी म्हणेन, हरकत नाही, ती येईपर्यंत बसते. सरका. सरका म्हणते ना, दारातून.