शेठजींचा जोड आणि दवाखान्याची ओळ

मंडळी, एक सांगा — माणसाला पुढचा नंबर मिळावा तो कशानं? पैशानं? वयानं? घसा फोडून ओरडल्यानं? हसू नका! रेशनच्या दुकानात कोपरं मारत पुढं कोण घुसतं, मला सगळं दिसतं!

तर ऐका. निंबगावात एक धर्मादाय दवाखाना. चार भल्या माणसांनी ट्रस्ट काढून चालवलेला. ज्याला झेपेल त्यानं फी द्यावी, नाही झेपत त्यानं हात जोडावेत. डॉक्टरीणबाई त्याच, सुई तीच, आणि कडू औषध? तेही तेच! नंबरासाठी चिठ्ठी नाही, टोकन नाही. दाराबाहेर चपला काढायच्या, ओळीनं लावायच्या. ज्याची चप्पल पुढं, तो आधी आत!

त्या गावात मुरलीशेठ, भांड्यांचे व्यापारी. एका सकाळी त्यांच्या छातीत कळ आली. "काही नाही गं, कालची भजी नडली," असं बायकोला म्हणाले खरे. पण आतून पार घाबरले! आता घाबरलेला माणूस काय करतो? नटतो! शेठजींनी लेकीच्या लग्नातला कोरा कोल्हापुरी जोड पायात घातला आणि दवाखाना गाठला.

कंपाउंडर देवराम म्हणाला, "शेठजी, जोड ओळीत लावा."

शेठजींनी ओळीकडं पाहिलं. टायरच्या चपला, अंगठा तुटलेल्या, एकीला तर सेफ्टी पिन! "ह्या फुकट्यांच्या ओळीत? माझा जोड? बघता बघता गायब व्हायचा!" जोड काढला, काखेत मारला आणि बाकावर जाऊन बसले. मनात म्हणाले, आपण फी देणारे, आपल्याला बोलावतीलच!

बोलावतात कसले! ओळीत चप्पलच नाही, तर नंबर कुठला? खोकलेवाला गेला. खरूजवाला गेला. मागून आलेली बाईसुद्धा जाऊन औषध घेऊन घरी गेली! शेठजी आपले जोड छातीशी धरून बसलेत. घाम फुटला. डावा हात जड झाला. देवा, मी मरतो की काय, असं मनात आलं. पण ते बोलायची लाज! जीव सुटला तरी चालेल मंडळी, जोड सुटता कामा नये!

शेजारी बसली होती गिरजाबाई बोहारीण. जुन्या कपड्यांवर भांडी देत दारोदार फिरणारी. अंगात ताप, सकाळपासून ताटकळलेली, आणि आता तिचाच नंबर. तिनं शेठजींचं तोंड पाहिलं.

"शेठ, लई त्रास होतोय का?"

"तू तुझं बघ!"

गिरजाबाई उठली — शेठजींनी छातीशी धरलेला जोड हिसकावला — आणि दाराकडं पळाली!

"चोर! चोर! धरा तिला! मी म्हटलंच होतं!"

बाई दारात थांबली. वाकली. स्वतःची चप्पल मागं सारली आणि शेठजींचा जोड ओळीत पहिला लावला! मग आत वळून ओरडली, "डॉक्टरीणबाई, शेठला आधी घ्या! माझा ताप काय पळून जात न्हाई!"

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. "भजी कसली, शेठजी? हे हृदयाचं दुखणं आहे!" जिभेखाली गोळी ठेवली, तालुक्याच्या मोठ्या हॉस्पिटलची गाडी मागवली. थोडका उशीर झाला असता, तर शेठजींचं काही खरं नव्हतं.

गाडीत चढवताना शेठजींनी हात हलवला. गिरजाबाईला वाटलं, जोड मागतायत. ती लगबगीनं घेऊन आली. शेठजींच्या डोळ्यांत पाणी! म्हणाले, "नको मावशी. ओळीतच राहू द्या. तुमच्या मागं लावा."

वाचले हो, वाचले शेठजी! आता कसे डोळे पुसताय सगळे! छान. मग जरा मागं वळून बघा. त्या खांबाशी एक आजी उभ्या आहेत. कीर्तन सुरू झाल्यापासून उभ्याच आहेत. आणि इथं पुढं, लोडाला टेकून कोण बसलंय? देवळाच्या फलकावर नावं असलेले देणगीदार! टाळकरी बुवा, टाळ खाली ठेवा. देणगीदार मंडळी, माझं आख्यान झालं, आता तुमचं सुरू. कोण सरकतंय? बोला! खाली काय बघता?

हां! या आजी, या. सावकाश या. आम्ही थांबलोय.