चौतीस कंबर

नाही हो साहेब, पोट आत ओढू नका — सोडा श्वास, मोकळा सोडा — आणि हलू नका, पँटला टाचण्या लावल्यात, एखादी टोचली तर मलाच बोल लावाल. बाकावरच्या बाई, बसा हं, यांचं झालं की तुमचंच माप, मग बाकीच्यांचं. तर काय म्हणत होतात? डॉक्टरांनी मानेतल्या, डोक्याला रक्त नेणाऱ्या नसांची तपासणी लिहून दिली, आणि तुम्ही तो कागद चुरगळून त्यांच्यासमोर टोपलीत टाकलात? वा! का, तर वीस वर्षांत वजन किलोभरही हललं नाही आणि कंबर चौतीसची चौतीस. “माझ्या टेलरला विचारा” — असं म्हणालात? खुद्द डॉक्टरांना? माझा दाखला देऊन?

हसत नाहीये, तोंडात टाचणी आहे. म्हणजे — हसतोयच. सव्वीस वर्षं वाट बघतोय मी या हसण्याची.

तुम्हाला आठवत नसणार. तुम्ही कशाला आठवाल? याच आरशापुढे, दुकान भरलेलं असताना, माझ्या गळ्यातली टेप ओढून घेतलीत आणि माझ्या मुलीच्या कमरेला गुंडाळलीत. सोळा वर्षांची होती. त्या कोपऱ्यात काजं करत बसायची — काय सुबक काजं करायची, माझ्यापेक्षा सफाईदार. आकडा मोठ्याने वाचलात, दोनदा. “मास्तर, हिला अख्खं ठाण लागत असेल!” सगळे हसले. मीसुद्धा हसलो. तुमच्या ऑफिसचे सगळे गणवेश माझ्याकडे होते ना तेव्हा — हसलो, काय करू? पोरीने कापडात सुई खोचली, उठली, ती पुन्हा दुकानाची पायरी चढली नाही. आता चाळिशी ओलांडली तिने, पण अजून कुणाला अंगाचं माप देत नाही. मलाही नाही. बापाला!

हे जिव्हारी लागलं होतं. त्यानंतर तुम्ही पँट शिवायला आलात, तेव्हा कंबर पस्तीस भरली. मी मागून ओरडलो, चौतीस! काय खुललात! तेव्हाच ठरवलं. पुढे सदतीस झाली, एकोणचाळीस झाली, मी आपला चौतीसच. पट्टीच्या आत लपवलेलं इलॅस्टिक, पोटाला जरा जास्त घेर, आणि आतल्या बाजूला ठसठशीत चौतीसचा शिक्का. तयार कपड्यांना तुम्ही नाक मुरडता म्हणून निभलं इतकी वर्षं. मांडी मात्र दर खेपेला बारीक होत गेली तुमची, हात काटक्या झाले. तिथलं गेलं आणि पोटावर येऊन बसलं — वजनकाटा हलणार कसा? आणि तुम्ही रोज सकाळी बागेत लोकांना शिकवताय, पोट म्हणजे आळशी माणसाची खूण!

मला एवढंच हवं होतं की एक दिवस चारचौघांत तुमची फजिती व्हावी. एवढंच, शपथ घेऊन सांगतो. नसांचं मला काय माहीत?

मग तुमच्या घरून वहिनी आल्या, गेल्या महिन्यात, एकट्याच. म्हणाल्या, हे जिन्यात थांबतात, छातीवर हात धरतात. डॉक्टर म्हणतात, उतारवयात नुसत्या वजनावर जाऊ नका, अंगातलं मांस झडतं आणि पोटात चरबी साठते, त्याने नसा खराब होतात, तर कंबर मोजा. “हे मला हात लावू देत नाहीत. मास्तर, तुम्ही खरं सांगा, किती भरते?” पोरीला हसलात त्या दिवशी तुम्ही खाली टाकलेली टेप वहिनींनीच उचलली होती, साहेब. पोरीच्या पाठीवरून हात त्यांनी फिरवला, मी नाही. आणि त्यांच्या तोंडावर मी सांगितलं — चौतीस. बिचाऱ्या निर्धास्त होऊन गेल्या. 

चष्मा लावा. लावा म्हणतो ना! ही टेप धरा आणि वाचा, मोठ्याने वाचा. वाचवत नाही? मी वाचतो — त्रेचाळीस! पुन्हा ऐका — त्रेचाळीस! सगळ्यांनी ऐका, बागेतल्या पैलवानाची कंबर त्रेचाळीस! हसा की! अरे, आता का कुणी हसत नाही?

कॉलर सोडा माझी. सोडा. तुमची कीव येऊन सांगितलं असं समजू नका, तुमच्या नसांचं काय वाटेल ते होवो. वहिनींशी खोटं बोललो, ते सहन होत नाही. जा, पँट बदला, डॉक्टरांकडून तो कागद पुन्हा लिहून घ्या, आणि ही टेप वहिनींच्या हातात द्या. चला, निघा. माझ्या दुकानात पुन्हा पाय ठेवू नका.

हं, बाई, या, तुमचं माप — अहो, उठलात कुठे? तुम्हाला नाही म्हणालो मी. पदर कशाला ओढून घेताय एवढा? यांचं जुनं प्रकरण आहे हो, तुम्हाला कोण काय — बाई, कापड राहिलं तुमचं. बाई —