माझ्या नावाची नळी

नूतन : दुसऱ्यांदा येतेय, भागीरथीकाकू. रिपोर्टात विषाणू सापडलाय म्हणजे लगेच गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर नव्हे. पण डॉक्टरीणबाईंनी आतून बघायलाच हवं.

भागीरथी : मला काही झालेलं नाही, परवाच म्हटलं ना तुला.

नूतन : दवाखान्यात टेबलावर झोपायला बायका लाजतात, म्हणून तर आम्ही आशाताई घरोघर किट देतो. मोरीचं दार लावायचं, आत कांडी फिरवायची, नळीत घालायची. तुम्ही एवढं केलंत, आता मागे हटू नका.

भागीरथी : दार लोट जरा. शलाका नळावर गेलीय, येईल एवढ्यात.

नूतन : लोटलं. बोला.

भागीरथी : मी नाही केलं ते. दोनदा कांडी घेऊन मोरीत गेले न् तशीच बाहेर आले. पंचावन्न वर्षांची बाई मी, ह्यांना जाऊन बारा वर्षं झाली. लाज वाटली गं.

नूतन : मग मला नळी दिलीत ती?

भागीरथी : शलाकाला करायला लावलं.

नूतन : सुनेला? काकू, ती अठ्ठावीसची. आमची यादी तिशीच्या पुढची.

भागीरथी : जीन्सच्या बंडलांचं तसंच चालतं ना आमच्याकडे. सेठ बंडल माझ्या नावावर देतो, डोळे अधू झाल्यापासून धागे तीच कापते. कुणाच्या हातचं, कोण विचारतंय? हेही तसंच वाटलं. तू संध्याकाळी नळी न्यायला येणार, ती भरलेली असली म्हणजे झालं.

नूतन : मीही विचारलं नाही. घाईत तुमचं नाव चिकटवलं न् पुढच्या घरी पळाले. दवाखान्यात हे झालं नसतं.

भागीरथी : परवा तू सांगितलंस तेव्हाच मला कळलं, हे कुणाचं ते. दोन दिवस तिच्या हातचं जेवतेय, पण तिच्याकडे मान वर करून बघवत नाही.

(लोटलेलं दार उघडतं. शलाका पाण्याचा हंडा घेऊन दारात उभी असते.)

शलाका : म्हणजे ते माझं आहे, आई?

नूतन : टेन्शन घेऊ नको. तुझ्या वयात हा विषाणू पुष्कळ जणींना असतो, बहुतेकींचा आपोआप जातो. पण दाखवून घ्यायचं.

शलाका : आणि तुम्हाला दोन दिवस माहीत होतं.

भागीरथी : हो.

शलाका : मला वाटलं, भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून बोलत नाही माझ्याशी.

भागीरथी : मला तोंड नाही गं तुझ्याशी बोलायला.

शलाका : त्या टेबलावर मला एकटीला भीती वाटेल.

भागीरथी : नूतन, त्या कागदावरचं माझं नाव खोड. तिचं घाल.

नूतन : घालते. पण मग तुमची तपासणी राहिलीच की. नवी कांडी देऊ?

भागीरथी : कांडी नको. दोघींचा नंबर लाव. टेबलावर आधी मी जाते.