एका वर्षाच्या रोपाला कैरी

मंडळी, आधी एक सांगा — देवाच्या पाया पडून लबाडी केली, तर ती पवित्र होते का हो? नाही? माना तर छान हलवताय! अहो, तुमच्यातलेच काही सकाळी नारळ फोडतात अन् दुपारी शेजाऱ्याचा बांध कोरतात — ठाऊक आहे मला!

तर ऐका. माळेवाडीत दाजीबा सुरवसे राहायचे. गळ्यात माळ, कपाळाला बुक्का, भजनात वीणा त्यांच्याच खांद्यावर. अन् मनात? मनात शर्यतीचा बैल! सरकारनं फळबागेची योजना काढली. आंब्यासाठी खड्डे खणा, पहिला हप्ता घ्या. वर्षानं पाहणी — रोपं जगलेली दिसली की दुसरा. दाजीबांनी खड्डे खणले, हप्ता घेतला, अन् दावणीला बैल आला! खड्डे राहिले आ वासून.

वर्ष सरलं. चैत्रात निरोप आला — उद्या कृषी सहायक मॅडम पाहणीला येणार! दाजीबांना घाम फुटला. पैसे गेले तर गेले, पण वीणा काढून घेतली, तर गावात तोंड कुठं दाखवायचं?

बायको, सोजरबाई, म्हणाली, "अहो, आता तरी खरी रोपं आणून लावा."

"गप! ती वीतभर! वर्षाची कोण म्हणंल?"

बघा! खरं लावायचं, तर ते खोटं दिसतं म्हणे! मग काय — उजाडायच्या आत बांधावरच्या जुन्या आंब्याच्या डहाळ्या तोडल्या, खड्ड्यात रोवल्या, आळी केली, काठ्या बांधल्या, पाणी घातलं. लग्नाच्या मांडवालासुद्धा माणूस एवढा राबत नाही! अन् मारुतीला साकडं — "देवा, आजच्या दिवस ऊन आवर. शेंदूर चढवतो."

अन् मंडळी, आभाळ भरून आलं की हो! डहाळ्या तरतरीत! दाजीबा खूष. देवाला सामील करून घेतलं ना!

मॅडम आल्या. बांधावरून बघितलं, म्हणाल्या, "वा काका! बाग तर झकास!" पुढं गेल्या अन् थबकल्या. रोपाला कैरी! वर्षाच्या रोपाला! मारुतीनं ऊन आवरलं, पण कैऱ्या तोडायचं काम दाजीबांचं होतं ना?

"काका, चटणीला एक घेऊ का?"

नाही म्हणायची सोय आहे का? मॅडमनी कैरीला हात घातला, जरा ओढली — अन् अख्खं झाड हातात!

दाजीबांची बोबडी वळली. "मॅडम, मारुतीची आण... जमीन जरा भुसभुशीत..."

"देवाला मधे घालू नका, काका. आळी खरी, काठ्या खऱ्या, पाणी खरं. खोटं उभं करायला जेवढं राबलात, तेवढ्यात खरी बाग झाली असती की हो!"

सोजरबाईनं पदर डोळ्याला लावला. दाजीबांनी हात जोडले. "लेकी, गावात सांगू नको."

"मी कागदावर लिहीन — जिवंत रोप एकही नाही. गावात काय सांगायचं, ते तुमचं तुम्ही बघा."

त्या संध्याकाळी दाजीबा देवळात आले. वीणा उतरवून मारुतीपुढं ठेवली. सगळं सांगितलं — बैल, डहाळ्या, कैरी. मला विचाराल तर इतक्या वर्षांच्या भजनात ते पहिल्यांदाच सुरात बोलले! कुणी म्हणजे कुणी हसलं नाही.

का हसलं नाही? दया आली म्हणून? छे हो! बाकीच्यांच्या बागांची पाहणी दुसऱ्या दिवशी होती!

आता तुम्ही हसताय. हसा! पण उद्या तो वरचा साहेब पाहणीला येईल. मांडव बघणार नाही, भोंगा ऐकणार नाही. तुमच्या भक्तीच्या शेंड्याला धरून जरासं ओढून बघेल. तेव्हा काय हाताला लागेल, ते आत्ताच चाचपा. अन् एकदा मोठ्यानं नाव घ्या त्या रामरायाचं — पण मुळासकट!