मेघाची मूठ

(दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट दीपमाला मेघाला तपासते आहे.)

अजिनाथ : तिचा उजवा हात धरू नका मॅडम. रडंल ती.

दीपमाला : रडू दे थोडी. उजवा मोकळा असला तर डावा कशाला उचलेल? मेघा, हा बघ चुरमुरा. घे.

अजिनाथ : नाय घेत. बघितलं? मूठ सोडतच नाय.

दीपमाला : किती महिने झाले हिला?

अजिनाथ : दहा. हिची आई, शीला, जाऊन बी दहाच झाले.

बानाबाई : ल्हान हाय बाई नात माझी. करंल हळूहळू.

अजिनाथ : माय, तू थांब. मॅडम, बाळंतपणात पोरीचा खांदा अडकला होता. ओढून काढली. मी दाराबाहेर हुभा होतो, समदं ऐकू येत होतं. तवाच हात गेला का?

दीपमाला : नंतर हलवत होती?

अजिनाथ : सहा-सात महिन्यांची असताना दोन्ही हातांनी माझ्या मिशा ओढायची. मंग मी शेंद्र्याला कंपनीत परत लागलो. घरी येतो तवर ती झोपलेली. पंधरा दिवसांमागं सुट्टीला खुळखुळा दिला, तर डावा उचलंचना. तवापसून अन्न गोड लागत नाय.

दीपमाला : द्या इकडे तिला.

(दीपमाला मेघाला पोटाखाली धरते आणि एकदम गादीकडे झुकवते.)

अजिनाथ : ओ! पडंल ना!

दीपमाला : नाही पडत. पाहिलंत? टेकायला दोन्ही हात पुढे आले. डावा उशिरा आला, पण आला. खांदा उचलला, कोपरही सरळ झालं. खांद्याची नस तुटली असती तर हात असा आला नसता.

अजिनाथ : मंग मूठ का?

दीपमाला : तेच बघतेय. मनगटावर हा वळ कशाचा?

अजिनाथ : कसला वळ?

दीपमाला : हा, गोल. दोरी बांधल्यासारखा.

अजिनाथ : माय?

बानाबाई : मोजा घालते मी. वरून नाडी.

अजिनाथ : हाताला?

बानाबाई : डाव्या. भाकरीचा तुकडा डाव्यानं, परसाद डाव्यानं. आईवर गेली म्हनलं. पोरीची जात, आत्ताच वळण लावावं.

अजिनाथ : कधीपसून?

बानाबाई : तू ड्युटीला लागला तवापसून. तू यायच्या आत काढून ठिवते.

अजिनाथ : मी पंधरा दिवस रडतोय, आन् तू गप बसली?

बानाबाई : तू म्हनला बाळंतपणातलं हाय. तसंच असू दे म्हनलं. मीच केलं म्हनायला तोंड उघडंना रं.

दीपमाला : आजी, ती डाव्यानं घ्यायची म्हणजे तेव्हा हात चालत होता. या वयात डावरं-उजवं ठरत नसतं. दोन्ही हात चालायलाच हवेत.

अजिनाथ : सुधरंल का?

दीपमाला : आज शब्द देत नाही. मोजा बंद. बोटं कशी मोकळी करायची ते दोघांना शिकवते. महिन्यानं परत बघू. मूठ तशीच राहिली तर मेंदूच्या डॉक्टरांना दाखवावं लागेल.

अजिनाथ : म्हंजी भ्या हायेच.

दीपमाला : आहे. खोटं कशाला सांगू?

अजिनाथ : माय, मोजा कुठंय?

बानाबाई : पिशवीत. घे. शीलाला बी मीच वळण लावलं होतं रं. तिचा हात कुठं वाकडा झाला? दोन महिन्यांत उजव्यानं वाढाया लागली.

अजिनाथ : तुझ्यासमोर.

बानाबाई : म्हंजी?

अजिनाथ : तू मेंढरांमागं गेली की मला डाव्यानंच वाढायची.