दोन काचांमधला आर्गॉन

कॉफी घ्या, आणि ही खिडकी बसली कशी ते ऐका.

वीणेचे पडदे, म्हणजे तारांखालच्या पितळी पट्ट्या, मेणात बसवलेले असतात. तंजावूरच्या दुपारी एसी चालू असूनही आईच्या वीणेचं मेण मऊ पडायचं, कारण या पश्चिमेच्या काचेतून सगळी धग आत यायची. मी काचवाल्याला बोलावलं. त्यानं दुहेरी काच सुचवली, मध्ये आर्गॉन वायू भरलेली.

आईनं मला विचारलं, "तो वायू आत करतो काय?"

"काहीच नाही. कशात मिसळत नाही, नुसता मध्ये बसतो. इकडची धग तिकडे सहज जाऊ देत नाही."

"काहीच न करण्याचे पैसे द्यायचे?"

मग तिची नजर खुर्चीत पेपर वाचणाऱ्या अप्पांकडे गेली. ती काचवाल्याला म्हणाली, "बसवा."

"एवढ्यात पटलं?" मी म्हणालो.

"माझ्या आणि तुझ्या आज्जीच्या मध्ये हे जन्मभर असेच बसले. तिचं बोलणं माझ्यापर्यंत आलं नाही, माझं तिच्यापर्यंत गेलं नाही."

अप्पांनी पान उलटलं. पेपरामागूनच म्हणाले, "दोन्ही काचा शाबूत राहिल्या की नाही?"