डॉक्टरबाईंच्या गाडीचे दिवे

...आणि गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात छापलंय काय, तर म्हणे 'बल्ब सहज बदलता येतो'. सहज! ज्यानं हे लिहिलं ना, त्यानं एक तर ती गाडी फक्त चित्रात पाहिलेली असणार, नाहीतर त्याचे हात सहा वर्षांच्या पोराएवढे असणार. हा माझा उजवा हात बघा, मनगटापासून कोपरापर्यंत बघा, हा ओरखडा बॅटरीच्या पट्टीचा, हा जाळीच्या कडेचा, आणि हा तिसरा कशाचा ते मलाही माहीत नाही, कारण आत काही दिसतच नाही, सगळं चाचपडत करायचं. आणि तुम्हाला सांगतो, मला काही इंजिन उतरवायचं नव्हतं, गाडीला पंख लावायचे नव्हते... नुसता बल्ब बदलायचा होता.

गाडी माझी नाही, हिची. आमची ही गुरांची डॉक्टर. डोंगरात दूर दूर गोठे, एकेकट्यानं राहणारी माणसं, रस्ते म्हणजे दगड आणि चिखल यांच्यात झालेली तडजोड. म्हणून ती चारही चाकांना जोर असलेली छोटी गाडी. बावीस वर्षं हिनं ती हाकली. मी? मी आयुष्यभर कचेरीत बसून नकाशे काढले. ज्या रस्त्यावरनं ही चिखलात रुतत गेली, तो रस्ता मी टेबलाशी बसून बारीक निबानं काढलेला. कोण जास्त दमलं, हे विचारू नका.

तर गेल्या पावसाळ्यानंतर हिनं एक नवीन सुरू केलं. पाचनंतर बाहेर पडायचं नाही. का? तर दिवे मंद झालेत, पुढचं दिसत नाही. बरं, गाई काय पाचच्या आत विणार आहेत? त्यांना कुणी वेळापत्रक दिलंय? संध्याकाळी फोन यायचे, उचलायचो मी, आणि सांगायचो, डॉक्टरबाई येणार नाहीत, गाडीच्या दिव्यांचा प्रश्न आहे. पलीकडचा माणूस काही बोलला असता तर बरं वाटलं असतं हो, पण तो नुसता 'बरं' म्हणायचा. ते 'बरं' मला जेवताना घासात लागायचं. मग मी ठरवलं, आपण रिकामे आहोत, आपल्याला दोन हात आहेत... नुसता बल्ब तर बदलायचा होता.

गेलो दुकानात. मला साधा बल्ब हवा होता. पण दुकानदारानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी कंदिलाची वात मागितली. म्हणाला, "काका, कुठल्या जमान्यात आहात? हे घ्या, पांढरे शुभ्र. रात्रीचा दिवस होतो." आता मला सांगा, बायको पाचनंतर बाहेर पडत नाही आणि समोरचा म्हणतो रात्रीचा दिवस होतो, मग माणूस काय करेल? घेतले.

रविवारी सकाळी नऊला बॉनेट उघडलं. डावीकडचा दिवा, खोटं कशाला बोलू, वीस मिनिटांत झाला. मागची रबराची टोपी काढली, तारेची क्लिप सोडवली, जुना काढला, नवा घातला. मला वाटलं, या मिस्त्री लोकांनी उगाच बाऊ करून ठेवलाय. आणि मग उजवीकडे आलो. उजवीकडे दिव्याच्या मागे बॅटरी. म्हणजे कशी, तर कपाट सरकवल्याशिवाय दार उघडत नाही अशी. बॅटरी काढायला पट्टी काढायची, पट्टीचा बोल्ट गंजलेला, त्याला तेल पाजलं, तासभर वाट पाहिली, तो सुटला तर पाना हातातून खाली. तो काढायला गाडीखाली शिरलो. तेवढ्यात ही बाहेर आली. तिला फक्त माझे पाय दिसत होते. त्या पायांना तिनं विचारलं, जेवायला येणार का? पायांनी सांगितलं, आलोच. तीन वाजले.

चार वाजता ती तारेची क्लिप सुटली. सुटली म्हणजे उडाली, टिण्ण असा आवाज आला आणि गेली. साडेपाचपर्यंत मी ती शोधत होतो. सापडली कुठे? माझ्या शर्टाच्या खिशात. त्या खिशात गेली कशी, ते मला विचारू नका, मी विज्ञानाचा माणूस नाही... मला नुसता बल्ब बदलायचा होता.

अंधार पडायला लागला तसा मी दिवे लावून वळणापर्यंत चक्कर मारून आलो. उजेड असा, की लांबच्या झाडांची पानं मोजावीत. पण पायापुढचा खड्डा मात्र दिसेना, त्यातून मी सरळ गेलो. तेवढ्यात समोरून ट्रॅक्टर आला, आणि रस्ता सोडून कडेच्या गवतात घुसला. त्यावरचा माणूस उतरला, डोळे चोळत माझ्यापाशी आला. मला वाटलं, आता शिव्या. पण तो फार शांतपणे म्हणाला, "काका, मला अजून काही दिसत नाहीये. जरा वेळ इथंच उभा राहतो, चालेल ना?" आम्ही दोघं पाच मिनिटं तसेच उभे. शिव्या परवडल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकडे गेलो. म्हातारा माणूस, बोलणं कमी. त्यानं माझे शुभ्र बल्ब काढून माझ्या हातात ठेवले. म्हणाला, दिव्याच्या आतली वाटी जुन्या बल्बासाठी घडवलेली आहे, तिच्यात दुसरं काही घातलं की उजेड भलतीकडे सांडतो. उजेड पुष्कळ असून उपयोग नाही, तो जागेवर पडला पाहिजे. मग त्यानं माझा जुना बल्ब थेट बॅटरीला लावून दाखवला. तो लख्ख पेटला! मी म्हटलं, हे कसं? "बल्बात काही खोट नाही साहेब. वायरी थकल्यात. बॅटरीतनं निघालेली वीज दिव्यापर्यंत पोचता पोचता दमते." झालं. म्हणजे ज्याच्यासाठी मी हात सोलून घेतला, तो बल्ब बदलायचाच नव्हता.

त्यानं बॅटरीपासून दिव्यांपर्यंत नव्या जाड वायरी टाकल्या, पिवळी पडलेली काच घासून स्वच्छ केली, साधेच पण चांगल्या जातीचे बल्ब बसवले. बोट लावू नका म्हणाला, काचेला हाताचं तेल लागलं की बल्ब लवकर जातो. फडक्यात धरून बसवले. दिव्यांची उंची लावायचं काम मात्र मी मागून घेतलं. घरी येऊन भिंतीपासून अंतर मोजलं, खडूनं रेघा मारल्या, आडवी, उभी, आणि स्क्रू फिरवत फिरवत उजेडाची कड बरोबर रेघेवर आणली. आयुष्यभर रेघाच मारल्या मी, त्या कामाला आल्या. संध्याकाळी हिला हाताला धरून बाहेर आणलं आणि दिवे लावले.

ती बघत राहिली. मग म्हणाली, छान झालं. आणि आत गेली.

छान झालं? एवढंच? मी मागोमाग स्वयंपाकघरात. मी पट्टीचं सांगतोय, क्लिपचं सांगतोय, ट्रॅक्टरवाल्याचं सांगतोय, आणि ही चहाचे कप धुतेय. एकच कप, पुन्हा पुन्हा. मग तिनं नळ बंद केला.

"अहो, दिव्यांना काही झालं नव्हतं हो," ती म्हणाली. "दिसत होतं मला सगळं. माझ्या हातात जोर राहिला नाही. वासरू अडलं की आत हात घालून ओढावं लागतं. पावसाळ्यात एक ओढत होते आणि मधेच हाताला मुंग्या आल्या, पकड सुटली. गेलं ते. त्या माणसाला काय सांगायचं? दिवे मंद झालेत, हे सांगता येतं."

मी खुर्चीवर बसलो. सहा महिने, तुम्हाला सांगतो, सहा महिने मी फोनवर लोकांना ते दिव्यांचं सांगत होतो. शेजारी बसून ही ऐकत होती. माणसाला तोंड झाकायला एक पदर असतो, आणि मी तो मोठ्या हौसेनं, मोजून मापून, खडूनं रेघा मारून, काढून घेतला होता. सॉरी म्हणायचं? बल्बाबद्दल?

आणि सात वाजता फोन वाजला. दोघंही फोनकडे बघतोय. शेवटी तिनंच उचलला. गाय दुपारपासून अडलेली, वासराचा एक पाय आत दुमडलेला. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, येते. फोन ठेवला आणि माझ्याकडे, म्हणजे माझ्या हातांकडे बघितलं.

"जुने कपडे घाला."

गाडी तिनंच चालवली. मी शेजारी बसून बघत होतो, खड्डा लांबूनच दिसायचा, ती वळवून घ्यायची. गोठ्यात पोचल्यावर तिनं हात घातला, डोळे मिटले आणि आतल्या आत तो पाय सरळ केला. ते काम जोराचं नसतं हो, ते ओळखीचं असतं. दोर बांधला, टोक मला दिलं. "गाय कळ देईल तेव्हाच ओढायचं. मी सांगेन. मधे थांबायचं." मी पाय रोवले. ती म्हणाली 'आता', की ओढायचं, ती म्हणाली 'थांबा', की थांबायचं. लग्नाला तेहतीस वर्षं झालीत, त्यामुळे हे शिकवावं लागलं नाही. चौथ्या कळेला ते वासरू, ओलं, वाफाळणारं, धाडकन माझ्या मांडीवर. आणि हलेना. तिनं त्याचं नाक पुसलं, नाकात गवताची काडी फिरवली. एकदा, दोनदा. ते शिंकलं. माझ्या तोंडावर. मी पुसलं नाही, थोडा वेळ तसंच राहू दिलं.

येताना ती म्हणाली, "दिवे चांगले बसलेत."

आता संध्याकाळी फोन येतो तेव्हा लोक विचारतात, डॉक्टरबाई येतायत ना? आणि ते ओढणारे काका? मी फोन कानाला लावून जुनी पँट शोधायला लागतो. आणि एक सांगतो, एवढी नोकरी केली, पण माझी एकदाही बदली झाली नाही. निवृत्त झाल्यावर झाली. थेट गोठ्यात. रजाही मिळत नाही.